मिलनीतला मामा

शीख लग्नात मामाला वजन असावं लागतं, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

मुलुंडला आमच्या शेजारी परमजीत राहायची. ऐंशीच्या दशकात तिच्या मुलाचं, जस्सीचं लग्न ठरलं, आणि तिचा एकुलता एक भाऊ आदल्याच वर्षी वारलेला. राखी ती मलाही बांधायची. एका दुपारी आली आणि दारातच रडू लागली. "वीरजी, मिलनीत मामाला हाक मारतील आणि आपल्याकडून कोणीच पुढे जाणार नाही. मला बघवेल का?"

"मी आहे ना!" मी म्हणालो. (मी कॉलेजात ग्रंथपाल. न वाचलेल्या विषयावर एरवी बोलत नसे.)

मिलनी म्हणजे काय, ते मला गुरुद्वाराच्या दारात कळलं. सगळ्यांनी हात जोडून अरदास म्हटली आणि दोन्हीकडची माणसं जोडीजोडीनं पुढे आली. वडिलांसमोर वडील, काकांसमोर काका. हार घालायचा, मिठी मारायची. इथवर ठीक होतं. पण मिठी मारता मारता एका काकांनी दुसऱ्या काकांना चक्क उचललं!

"हे काय?"

"रिवाज आहे," परमजीतचे यजमान म्हणाले. "घाबरू नका, पगडी सांभाळा." (मैलभर गुलाबी मलमल त्यांनी सकाळीच माझ्या डोक्याला गुंडाळली होती.)

"मुलीचा मामा कोणता?" मी बायकोला विचारलं.

"तो बघा," सुधा म्हणाली. "ज्याच्यामागे अख्खा बँड झाकला गेलाय, तो."

लुधियानाचे पैलवान होते!

"सुधा, मला चक्कर येतेय."

"येऊ दे. ताईचं तोंड बघा आणि जा मुकाट्यानं."

मी परमजीतकडे बघितलं आणि गेलो. हार घातला. पुढच्या क्षणी मुलुंड खाली गेलं! पगडी नाकावर आली, एक बूट ढोलावर पडला. खाली उतरलो तोच आमच्या बाजूच्या बायका ओरडल्या, "मामाजी, अब आप!"

मी मिठी मारली. हात पाठीमागे पोचेनात. जोर लावला. काहीच झालं नाही. टाळ्या थांबल्या. तेवढ्यात कानाशी दाढी खसखसली, "मामाजी, पकड़े रहना. मैं कूदता हूँ."

आणि त्या भल्या माणसानं उडी मारली! एकच जल्लोष झाला. परमजीत रडता रडता हसत होती.

आत गुरू ग्रंथसाहेबांभोवती जस्सीच्या चार लावां, म्हणजे फेरे, छान झाले. शेवटच्या अरदासला सगळे उभे राहिले. मी सोडून. काहीही न उचलता माझी कंबर धरली होती! शेजारच्या पैलवानांनी मिटलेले डोळेही न उघडता मला काखेत धरून उभं केलं.

बाहेर परमजीतनं माझे हात धरले. "वीरजी, आज माझ्या भावाची जागा भरली."

"भरली कसली, ताई?" सुधा म्हणाली. "लटकत होती!"

ही गोष्ट पुढे सुधाच सांगायची. तिच्या सांगण्यात मी दरवर्षी वीतभर वर जायचो. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा मी गुरुद्वाराच्या झेंड्यापर्यंत पोचलो होतो. आता सांगणारा मीच, म्हणजे खरं तर खाली यायला हवं. पण तिनं एवढं वर नेऊन ठेवलंय, आणि मला माणूस उचलणंच काय, स्वतःला उतरवणंही जमत नाही!