पहिला फेरा हाताचा

बाबांच्या मोटारीला किंमत लावायला नागपूरहून माणूस आला, तेव्हा त्यांची तेरवी होऊन तीन महिने झाले होते. हिंगणघाटचं घर सामानासकट विकायचं ठरलं होतं. पलंग, कपाट, शिलाई मशीन अशी यादी भावाने केली होती आणि प्रत्येक वस्तूपुढे आकडा लिहिला होता. मोटारीपुढची जागा तेवढी कोरी होती. ती भंगारात वजनावर द्यावी, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं होतं, मोटार म्हणून विकली गेली तरच घराच्या कागदावर सही करीन. एवढं मोठ्याने मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मी दहावीत असताना मालकाने ही जुनी विलायती मोटार काढून टाकली आणि बाबांनी ती ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली. अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये ती विटांवर चढली ती चढलीच. दहा-बारा वर्षं दर रविवारी बाबा तिच्यापाशी असत. मी एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभी राहायची. प्रकाश हलला की ते ओरडत नसत, नुसते थांबत.

नागपूरच्या माणसाने पत्रा वाजवून पाहिला, दारं उघडून मिटली. पन्नाशीचा, पांढरा शर्ट घातलेला, जुन्या गाड्यांचा व्यापारी. मग बोनेट उघडून त्याने इंजिनावरच्या एका नटाला बोट लावलं. नट फिरला. दुसरा फिरवला, तोही फिरला.

"देखो भाऊ," तो भावाला म्हणाला, "हे इंजिन बसवलेलंच नाई. नुसतं दाखवाले ठेवलं आहे. एकही नट टाईट नाई. मी तर वजनाचाच भाव देईन."

भाऊ हसला. "मले माहीत होतं न. बाबाचं सगळं असंच. अर्धं करून सोडाचं अन् गावभर सांगाचं, मोटार करून राह्यलो म्हणून."

गावभर सांगणारे बाबा नव्हते. चौकातल्या दुकानात बसून "आमच्या म्हाताऱ्याची मोटार" म्हणत लोकांना हसवणारा तोच होता.

"नट ढिले नाहीत," मी म्हणाले. "हाताने बसवलेत."

"एकच न ते, ताई," व्यापारी म्हणाला.

एकच नव्हतं. जिनिंगमध्ये दर दसऱ्याच्या सुमाराला, हंगाम सुरू होण्याआधी, बाबा सगळी यंत्रं उघडून पुन्हा जोडत. पण पाना लगेच लावत नसत. सगळे नट बोटांनी बसवायचे, मग यंत्र हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं. कुठे अडलं, कुठे घासलं, तर ते हाताला कळतं. पाना आवळल्यावर कळत नाही, मोडल्यावर कळतं. "पहिला फेरा हाताचा," असं ते सांगत. म्हणजे हे इंजिन अर्धं नव्हतं. ते पूर्ण जोडून झालं होतं आणि एका फेऱ्यासाठी थांबलं होतं.

त्या फेऱ्याला दोन माणसं लागतात. एकाने पुढून हँडल फिरवायचं, दुसऱ्याने आत पाहायचं. दिवाळीत बाबांनी भावाला म्हटलं होतं. तो म्हणाला, उद्या पाहू. मग डिसेंबरात त्यांनी मला वर्ध्याला फोन केला. "बाई, एक दिवस येजो. हँडल फिरवाले घरचं माणूस पाह्यजे." मी कॉलेजात शिकवत होते, तपासायचे पेपर आले होते. मी म्हणाले, पेपर झाले की येते. पेपर संपले त्या आठवड्यात बाबा गेले.

हे मी भावाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. भिंतीवरचं हँडल काढलं आणि मोटारीच्या पुढे घातलं.

"काय करून राह्यली व?" भाऊ म्हणाला. "हात मोडशीन."

"तू आत पाहा."

"मले काय समजते त्यातलं?"

"नुसतं पाहा म्हटलं ना!"

तो वाकला. व्यापारीही वाकला. हँडल आधी जड गेलं, मग सुटलं आणि गुळगुळीत फिरलं. कुठे अडलं नाही, कुठे घासलं नाही. वर उघड्या भागात दांडे एकामागून एक खाली गेले, वर आले. मी दुसरा फेरा दिला. तिसरा दिला. थांबावंसंच वाटेना.

व्यापारी सरळ उभा राहिला. "कोणी बसवलं हे?"

"आमच्या बाबांनी," भाऊ म्हणाला. छाती काढून म्हणाला! अर्ध्या तासापूर्वी हसणारं तोंड तेच होतं. व्यापाऱ्याने नवा आकडा सांगितला, भावाने तो यादीतल्या कोऱ्या जागेत लिहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पाह्य, तुह्यामुळे भाव वाढला." मी त्याचा हात झटकला.

मोटार म्हणून विकली गेली होती. माझीच अट होती. आता सही नाकारायला मला तोंड नव्हतं.

व्यापाऱ्याने बाबांचा पाना उचलला आणि कोपऱ्यातला नट आवळायला घेतला. मी पाना त्याच्या हातातून ओढून घेतला. आधी मधले दोन, मग त्यांच्या तिरपे समोरचे, मग बाहेरचे. सगळे थोडे थोडे, तीन वेळा. बॅटरी धरून मी हे इतक्यांदा पाहिलं होतं, की मोजावं लागलं नाही. मला घाई नव्हती.

मग तशाच ग्रीसच्या हातांनी घराचा कागद ओढून सही केली. खाली काळा अंगठा उमटला.

"कागद खराब केला न व," भाऊ म्हणाला.

"राहू दे तसाच," मी म्हणाले, आणि हात न धुता बस स्टँडकडे निघाले.