निळ्या दोऱ्याचे टाके

माणसांची किळस येते, हे मी आजवर मोठ्याने बोललो नव्हतो. आता बोलतो. मिलिंदची येते, टाळ्या पिटणाऱ्या आमच्या सोसायटीची येते, आणि मिलिंदचं लग्न मी जमवलं म्हणून सगळ्यात जास्त माझी स्वतःची येते.

स्वप्नाली आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला होती. मी तिथला अधिकारी, ती बारवी धरणाजवळच्या पाड्यावरची शेतकऱ्याची मुलगी. एकदा गोदामात नाग निघाला. आम्ही सगळे बाप्ये टेबलांवर चढलो. ही चोवीस वर्षांची पोर काठी घेऊन शांतपणे आत गेली आणि नाग पिशवीत घालून बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, "जरा फणा तरी दाखव."

"तो भ्यायलाय," ती फाडकन म्हणाली. "भ्यालेल्याची मजा बघायची नसते."

त्या दिवसापासून मी तिचा भक्त झालो. बदलापूरपर्यंत कुठेही साप निघाला की तिला फोन जायचा. पकडायची आणि त्याच दिवशी बारवीच्या जंगलात सोडून यायची. लोकांकडून चहासुद्धा घ्यायची नाही. पिशव्या स्वतः शिवायची, जुन्या चादरींच्या, निळ्या दोऱ्याने. टाके इतके बारीक की नखसुद्धा आत जाऊ नये. एका नागपंचमीला शहाडजवळ एक माणूस तोंड शिवलेला नाग घेऊन फिरत होता. हिने तो हिसकावून घेतला. टाके कापताना ती घळाघळा रडत होती.

तिचा बाप सदू मला म्हणायचा, "साहेब, पोर सापांच्या मागं फिरते. हिला करनार कोन?"

मी माझ्या ओळखीतला मिलिंद सुचवला. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मोबाईलचं दुकान. "मला अशीच जिगरवाली बायको पाहिजे," असं तो म्हणाला आणि मी खूश झालो. अक्कल गहाण टाकली होती माझी, दुसरं काय!

लग्नानंतर मिलिंदने तिचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. लोकांना सापांची माहिती होईल, असं त्याने पटवलं आणि तिलाही ते पटलं. मग त्याला नऊवारी हवी झाली, नथ हवी झाली. मग "आज उजेड नाही, उद्या सोडू" असं म्हणत साप मुक्कामाला राहू लागले. पलंगाखाली बरण्यांची रांग लागली. तिने नाही म्हटलं की तो आठवडा आठवडा तिच्याशी बोलायचा नाही, घरातल्या कुणालाही बोलू द्यायचा नाही. एकदा तिने एक साप परस्पर सोडून दिला, तर त्याने तिला चार दिवस माहेरी हाकलून दिलं. परत आणलं, तेही शूटिंग होतं म्हणून. सदूने मला एका शब्दाने विचारलं नाही. त्याने विचारायला हवं होतं.

बरणीत एक धामण मेली. मिलिंदने तिला हार घातला, अगरबत्ती लावली आणि कॅमेऱ्यासमोर तो हमसून हमसून रडला. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. मी तो अर्ध्यावरच बंद केला. तरीही त्याच्या दारात जाऊन जाब विचारायची हिंमत काही झाली नाही.

गेल्या महिन्यात दोघं माझ्याच दारात उभी राहिली. मिलिंदच्या हातात भोकं पाडलेली बरणी, आत नाग.

"काका, हा तुमच्या चपलांच्या कपाटात सोडतो. तुम्ही फक्त घाबरून ओरडा. टेन्शन नका घेऊ, एकदम सेफ है."

मी त्याला हाकलणार होतो. पण मागे स्वप्नाली उभी होती, नथ घालून, गालांची हाडं वर आलेली. वाटलं, या निमित्ताने तिच्याशी दोन शब्द बोलता येतील. म्हणून मी दार उघडलं. मी ओरडलोही, आणि चांगला ओरडलो.

सोसायटी जमली. स्वप्नालीने नाग बाहेर काढला, समोर मूठ हलवून त्याला डिवचलं, फणा काढायला लावला आणि वाकून त्या फण्याचा मुका घेतला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी हातभर अंतरावर होतो. नागाच्या ओठांवर निळा दोरा दिसला. टाके अगदी बारीक, नखसुद्धा आत जाणार नाही असे.

मी तिच्याकडे बघितलं. मला दिसलंय, हे तिला कळलं. मिलिंद मोबाईल घेऊन लोकांकडे वळल्यावर ती पुटपुटली, "साहेब, तो जाड दोऱ्याने शिवत होता. म्हणून मीच शिवलं. बारीक. जास्त दुखू नये म्हणून."

मग मिलिंदने हाक मारली, "पुन्हा एकदा, फणा नीट आला नाही," आणि तिने पुन्हा मूठ हलवली.