राजेश्वरीच्या रक्तातला आकडा

पाथर्डीकडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. राजेश्वरीचे पाय लुळे पडायला लागले, डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं, तेव्हा तिच्या नवऱ्याचा, हनुमंताचा कोयता अर्धा झाला आणि राग दुप्पट. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती फडात कोसळली, तर सगळ्या टोळीदेखत त्यानं तिला उसानं झोडपलं. "सोंग करती," म्हणाला. एकाही बाप्यानं त्याचा हात धरला नाही. लाज वाटायला हवी होती मेल्यांना.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. रोगाशी लढणारी अंगातली शक्तीच नसांवर उलटते. इंजेक्शनं सुरू झाली. नस झिजली की तिचा चुरा रक्तात उतरतो, आणि औषध लागू पडतंय का ते त्याच्या आकड्यावरून कळतं, असं बाईंनी समजावलं. दोन तपासण्यांत आकडा उतरला. राजेश्वरी काठीवर का होईना चालू लागली, भाकरी थापू लागली.

आकडा उतरला म्हणजे बायको बरी झाली, असं हनुमंतानं धरलं. "आता फडात चल," म्हणाला.

"गेलेलं बळ परत येत न्हाई, बाई म्हनत्यात," ती म्हणाली. "हाय तेवढंच टिकतंय."

त्यानं कोयत्याची मूठ तिच्या कानामागं हाणली. ती चुलीपाशी पडली, तरी लाथा घालत राहिला. पदर रक्तानं भिजला. सासूनं, झुंबरबाईनं, जखमेत हळद दाबली आणि वर शिकवलं, "कुनी इचारलं तर गोठ्यात पडले म्हन."

पंधरवड्यानं तपासणी झाली. आकडा एकदम चढलेला.

"औषध लागू पडत नाही असं दिसतंय. बदलावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ह्याच औषधानं राजेश्वरीला उभं केलं होतं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "मध्ये डोक्याला मार लागला होता का? त्यानंही हा आकडा चढतो."

"गोठ्यात पडली हुती," हनुमंत मध्येच बोलला. "गुडघ्यावं."

राजेश्वरीनं पदर मागं सारून कानामागची खपली दाखवली. "कोयत्याच्या मुठीनं मारलंय. ह्यांनी."

हनुमंतानं उठून तिचे केस धरले. तिनं काठी उचलली आणि त्याच्या मनगटावर हाणली, पुन्हा हाणली, हाड वाजेपर्यंत. तो कळवळून खाली बसला.

"औषध तेच ऱ्हाऊ द्या, मॅडम," ती धापा टाकत म्हणाली. "ह्यांच्या घरी मी आता जात न्हाई."