संघमित्राची रजा

सकाळी सव्वानऊला फोन आला तेव्हा शाळेत माझा दुसरा तास नुकताच सुरू झाला होता. पलीकडचा मुलगा हिंदीत विचारत होता, "आप संघमित्राजी की कौन?" तिच्या कंपनीच्या कार्डामागे, अडचणीत कळवायचं नाव म्हणून तिने वडिलांचं नाही, माझं नाव दिलं होतं. कंपनीची बस विश्रांतवाडीहून हिंजवडीला पोचली, सगळे उतरले, खिडकीशी बसलेली संघमित्रा उतरली नाही. झोप लागली असेल म्हणून ड्रायव्हरने दोनदा हाक मारली म्हणे... चाळिशीही पुरती उलटली नव्हती. आज तीन आठवडे झाले, आणि लोक मला अजून "वाईट झालं" म्हणतात. वाईट कसलं? मला संताप येतो.

आमची दारं समोरासमोर. तिचे वडील, आम्ही सगळी पोरं त्यांना दादा म्हणायचो, कारखान्यात फिटर होते. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी त्यांचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं : वर्षभरात एकही गैरहजेरी नाही. संघमित्रानेही तोच वसा घेतला. मी पोटदुखीचं सोंग घेऊन घरी लोळायचे आणि ही अंगात ताप घेऊन वर्गात. एकदा बाईंनी तिला बळजबरीने घरी पाठवलं, तर वाटभर रडली. वार्षिक निकालाला दादा पूर्ण हजेरीची जिलबी आणत. हजेरी तिची, पण निम्मी जिलबी माझी. तेव्हा मला त्यात गंमतच वाटायची.

पुढे ती शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाली, हिंजवडीत लागली. मी लग्न होऊन वारज्याला गेले आणि आईच्या आजारपणात नवऱ्या-मुलीसकट परत आले, ती पुन्हा तिच्या समोरच. गेल्या वर्षी जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. मीच तिला ओढून डॉक्टरांकडे नेलं. "दोन दिवस भरती व्हा, हृदयाच्या तपासण्या करू," ते म्हणाले. ही म्हणाली, "सॉफ्टवेअरचं रिलीज झालं की लगेच." मग दुसरं रिलीज आलं, मग तिसरं. एका रविवारी मी तिच्यावर खेकसले, "तुझ्यावाचून कंपनी बंद पडणार आहे का गं?" ती शांतपणे मटार सोलत होती. म्हणाली, "तू रजा घेतलीस तर म्हणतात, बाई आजारी आहेत. मी घेतली तर म्हणतात, बघा, यांना सगळं आयतं मिळालंय, कामाची सवय नाही."

हे वाक्य मी माझ्याच घरी, जेवताना, अनेकदा ऐकलं होतं. तिला शिष्यवृत्ती मिळाली त्या दिवशीही. दार उघडं होतं, तिच्या कानावर गेलंच असणार, आणि मी वरण-भात कालवत राहिले होते. कंपनीवर माझा राग आहे, दादांच्या त्या चौकटीवर आहे, असल्या टोमण्यांना आयुष्यभर हजेरी लावून उत्तर देणाऱ्या तिच्यावरही आहे. पण सगळ्यांत जास्त माझ्यावर आहे. मला तोंड होतं, मी ते उघडलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला ऑफिसची माणसं आली. पांढरे शर्ट घालून आली होती, बिचारी. त्यांचा टीम लीड उभा राहिला. "सॅमने कधीच लीव्ह घेतली नाही. लास्ट डेपर्यंत शी वॉज देअर. असं डेडिकेशन आजकाल दिसत नाही." सॅम! दादांनी हात जोडले, मान ताठ केली. त्या ताठ मानेकडे बघून माझा तोल गेला. मी उठून म्हटलं, "तिला दोन दिवस हवे होते हो! फक्त दोन! ते मागायची तिला भीती वाटत होती, आणि तुम्ही तिचं कौतुक करताय!" दादांची मान हळूहळू खाली गेली. मला त्यांना दुखवायचं नव्हतं... पण शब्द मागेही घ्यायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शाळेत गेलेच नाही. दिवसभर तिच्या आईजवळ बसले. दोघी संघमित्राच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिलो.

मंगळवारी कार्यालयात आमच्या क्लार्कनी माझा अर्ज पुढे सरकवला. "बाई, निधन लिहिलंय, नातं राहिलंय."

"शेजारीण. मैत्रीण."

"त्याला रजा नाही मिळत. चुलत बहीण टाकू? सगळे टाकतात."

ते भल्यासाठीच सांगत होते. मी नको म्हटलं.

"मग आजारपण टाकतो. पोटदुखी वगैरे."

"मी आजारी नव्हते."

"अहो, मग मस्टरवर लाल शेरा येईल! इतक्या वर्षांत एक नाही तुमचा."

"येऊ द्या," मी म्हटलं. "गैरहजर लिहा."