बिल्ला भिंतीकडे

मावशी वारली त्याला आठवडाही झाला नव्हता. मॅनेजरने तिच्या खोलीची किल्ली काउंटरवर ठेवली.

"तिच्या जागी नवी बाई संध्याकाळी येतेय. वरची खोली बघून घे आणि किल्ली बोर्डावर लाव."

मुलीने किल्ली उचलली. साहित्याची पदवी घेऊन ती या लॉजच्या रिसेप्शनवर लागली, तेव्हा मावशीने तिचं नाव 'ग्रॅज्युएट' ठेवलं होतं. मावशीचा उभा जन्म याच काउंटरमागे गेला. दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली हेच तिचं घर. रागावली की ओरडायची नाही, चष्मा कपाळावर चढवायची.

एकदा मात्र तिची चांगलीच फजिती झाली. एक औषधविक्रेता सकाळी बॅग उचलून कामाला गेला. सफाईवाली म्हणाली, खोली एम्प्टी आहे. मावशीने जादा किल्ली काढून ती खोली एका नव्या जोडप्याला दिली. दुपारी विक्रेता परतला आणि खिशातल्या किल्लीने दार उघडून थेट आत. नवरी केस विंचरत होती, ती किंचाळली. हा आपला पलंगाखाली बोट दाखवतोय, "अहो, माझ्या चपला आहेत!"

"मावशी, एम्प्टी आणि व्हेकंट एक नाही," मुलगी नंतर म्हणाली. "आत कुणी नाही, काही दिसत नाही, ती एम्प्टी. दुसऱ्याला देता येते ती व्हेकंट. माणूस नुसता बाहेर गेला, तर खोली त्याचीच."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?" चष्मा कपाळावर गेला. मग मावशीला जे हसू फुटलं ते थांबेना. "जुळ्या बहिणी समजत होते गं दोघींना! एकीचं लग्न ठरलंय, हे कुणी सांगितलंच नाही."

तेव्हापासून नियम झाला. खोली तपासायची ती गुडघे टेकून, पलंगाखाली बघून. नुसती एम्प्टी असेल, तर बोर्डावर टांगलेल्या किल्लीच्या नंबराच्या बिल्ल्याचं तोंड भिंतीकडे. व्हेकंट असेल, तर समोर.

मुलगी वर गेली. मावशीचं सामान तिचा भाऊ घेऊन गेला होता. कपाट उघडं, गादी गुंडाळलेली. मुलीला काहीच वाटलं नाही. तिने पंखा लावून पाहिला, बंद केला. मग गुडघे टेकले.

चपला होत्या. जोडीने, दाराकडे तोंड करून.

गुडघे दुखेपर्यंत ती तशीच बसली. चपला राहू दिल्या, तर बिल्ला भिंतीकडे फिरवता आला असता. नव्या बाईला थांबावं लागलं असतं. कुणासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

तिने चपला बाहेर काढल्या. बाहीने धूळ पुसली, पिशवीत घातल्या. पुन्हा वाकून पाहिलं.

खाली मॅनेजर म्हणाला, "झाली रिकामी?"

रिकामी. आपल्याकडे दोन्हींना हाच शब्द.

तिने किल्ली टांगली, बिल्ला समोर केला.

"व्हेकंट आहे, साहेब."

मग पिशवी पायाशी ठेवून ती आपल्या स्टुलावर बसली. शेजारच्या मावशीच्या खुर्चीत नाही.