बचाव बोटीची धार

मी पोचलो तेव्हा बोट सुरूच्या बनात ट्रॉलीवर उभी होती. गावातले लोक तिच्यापासून अंतर राखून उभे होते, मयताच्या घरासमोर उभे राहतात तसे. आदल्या संध्याकाळी ही बोट एका बुडणाऱ्या पर्यटकाकडे निघाली होती. अर्ध्या वाटेत इंजिनाने शिट्टी दिली आणि बोट रांगायला लागली. ती पोचली तेव्हा पाण्यावर कोणी नव्हतं.

मी रत्नागिरीत आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या पाठीला बाहेरून लावलेलं इंजिन. हे गाव गणपतीपुळ्याच्या अलीकडचं. पुळ्याला न मावलेले पर्यटक इथे उतरतात, म्हणून ग्रामपंचायतीने देणगीतून बचाव बोट घेतली होती. ती चालवायला गावातलाच दिनेश होता, जीवरक्षक.

सरपंचांनी मला बाजूला घेतलं. "मेस्त्री, इंजिन नवा आहे. त्याला काय होणार? पोरगा लाटा बघून घाबरला, वेग कमी केलान. उद्या बैठकीत त्याला ठेवायचा की काढायचा, ते ठरणार. मयताचा भाऊ पण येणार आहे. तुम्ही फक्त इंजिन ठीक आहे एवढा सांगा."

"उघडल्याशिवाय सांगत नाही."

दिनेश ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, मी थ्रॉटल पूर्ण दिलेला. इंजिन आपणहून मंदावला."

ते शक्य होतं. आउटबोर्डला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. त्याचा पाय समुद्रात असतो, पायाला जाळी असते, तिथून पाणी आत येतं. इम्पेलर नावाचा रबरी पंखा ते वर ढकलतो. पाणी इंजिनाला थंड करून बाहेर पडतं. त्यातलं थोडं एका भोकातून बारीक धारेने पडतं, ते चालवणाऱ्याला दिसावं म्हणूनच. आमचे खलाशी ही तपासणी एका प्रश्नात उरकतात, "मुतताय ना?" याहून नेमका प्रश्न मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेला नाही. आणि इंजिन फार तापलं तर शिट्टी वाजते, मग ते जळू नये म्हणून स्वतःच वेग तोडतं. मूठ कितीही पिळा.

"मुतत होता?" मी दिनेशला विचारलं.

"पहिल्यापासून बारीक. म्हाताऱ्यासारखा. मी भाऊंना सांगितलेला."

भाऊ म्हणजे सरपंच. "मग?"

"म्हणाले, नवा आहे, हळूहळू मोकळा होईल."

पाण्याच्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवून ते सुरू केलं. धार नव्हती, थेंब होते. भोकात तार घातली. मीठ साचलेलं नव्हतं. जाळी पाहिली. प्लास्टिकची पिशवी तिथे हमखास अडकते, इथे तीही नव्हती. मग थर्मोस्टॅट काढला. ही एक छोटी झडप, इंजिन तापल्यावर उघडते. चहाच्या टपरीवर उकळत्या पाण्यात ती सोडली. टपरीवाला म्हणाला, "साखर घालू काय?" झडप व्यवस्थित उघडली. हसलं कोणीच नाही.

शेवटी पाय उतरवला. इम्पेलरची निम्मी पाती तुटलेली होती, उरलेली कडक झाली होती. वाळूने झिजलेले इम्पेलर मी नेहमी बघतो, ते ज्या डबीत फिरतात तिला आतून चरे पडतात. इथे चरे नव्हते. डबी आतून वितळली होती, रबर भाजलं होतं. रबर असं भाजतं ते पंखा पाण्याविना फिरला तरच. त्याला फार वेळ लागत नाही. उरलेल्या पात्यांवर बोट किनाऱ्याने हळूहळू गस्त घालू शकते. पूर्ण वेग दिला की पाणी पुरत नाही.

नवी डबी, नवा इम्पेलर घातला. तरी धार बारीकच. म्हणजे तुटलेली पाती वर कुठेतरी अडकली होती. पाण्याची वाट उघडून आकड्याने एकेक तुकडा बाहेर काढला. मग धार पडली, करंगळीएवढी.

"दिनेश, हे कोरडं कोणी चालवलं?"

त्याने आधी सरपंचांकडे पाहिलं. "लोकार्पणाला चालवला."

मुहूर्त पाहुण्यांच्या सोयीने काढलेला होता. समुद्राला त्याची कल्पना नव्हती, त्या वेळी ओहोटी होती. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांना चिखलातून पाण्यापर्यंत चालवत कसं न्यायचं? म्हणून ट्रॉलीच मांडवासमोर आणली. इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, साहेबांनी बटण दाबलं. आवाज साहेबांना आवडला. इंजिन चालू ठेवूनच त्यांनी सागरी सुरक्षेवर भाषण केलं. समोर अर्धे लोक मासेमारी करणारे होते.

"कोणी बोललं नाही?"

"मी बोललो. भाऊ म्हणाले, गप्प रव, साहेब बोलतायत. बाकीचे टाळ्या वाजवत होते."

सरपंचांनी घसा साफ केला. "मेस्त्री, वाळू गेली म्हणा. वाळू कोणाची नाही. दिनेशची नोकरी पण राहील."

"वाळू गेलेली नाही, भाऊ."

"तुम्हाला काय, तुम्ही रत्नागिरीला जाल. आम्हाला इथे राहायचा आहे."

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी काय सापडलं ते सांगितलं. वेग इंजिनाने तोडला, दिनेशने नाही, हेही सांगितलं. कोणी वाद घातला नाही. टाळ्या वाजवणारे सगळे तिथेच बसले होते. दिनेशचा दोष नाही, त्याला कामावर ठेवावं, असं ठरलं.

मग मयताचा भाऊ उठला. कोल्हापूरकडचा, शांत माणूस. "म्हणजे धार बारीक आहे, हे आधी माहीत होतं?"

सरपंच छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मी दिनेशकडे बघायचं टाळलं.

"होय," दिनेश म्हणाला. "मला माहीत होता."

तो माणूस चपला घालून निघून गेला.

काही दिवसांनी दिनेशने ती नोकरी सोडली. आता तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर खलाशी आहे. भेटतो, माशांचं बोलतो. बोट उत्तम चालते, मी दोनदा तपासून आलो. ती ताडपत्रीखाली उभी असते, कारण चालवायला गावातला कोणी पुढे येत नाही.

माझ्या धंद्यातला सल्ला साधा आहे. इंजिन सुरू झालं की आधी धार बघावी. ती नसेल तर इंजिन बंद करावं, भाषण कोणाचंही चालू असो.