ऊसतोडीला गेलेली आरती आणि लांब इंग्रजी शब्द

मंडळी, आज सकाळपासून जिवाला चैन न्हाई.

शेजारची आरती सहावीत हाय. लांब इंग्रजी शब्द दिसला की रडायची. मी सांगितलं, "बाई, ऊस आख्खा गिळतो का आपण? कांडं करून खातो. तसंच वाच."

आज तिनं आपल्या मनानं फोड केली, "अन-कम्फर्ट-एबल! आबा, अन म्हंजी न्हाई!" लई हसली.

तेवढ्यात तिची आई आली. "चल गं, ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर आलाय."

म्हणालो, "सुमन, पोरीला माझ्यापाशी ठेव."

"ठिवते की काका. मग तिथं उसाच्या फडात माझ्या तान्ह्या बाळाला तुमी सांभाळता का?"

पोर ट्रॅक्टरात गाठोड्यावर बसून गेली.

मास्तर मंडळी, अशी पोर तुम्हाला कधी थांबवता आली का? खरंच विचारतोय.